निरगाठ

राजारामपुरी, आठवी गल्ली. खाली झेरॉक्स,
वर जायला सतरा पायऱ्या. दाराबाहेर चपला काढताना
माझ्याच पायांच्या शेणाच्या वासाची मला लाज वाटली.

पाच वर्षं डाव्या हाताची मूठ वळत नव्हती.
सीपीआरात फोटो काढला, हाड बरं आहे म्हणाले.
वडणग्याच्या माणसानं तेल चोळलं, जोतिबाला नारळ झाला.
मग सुनेनं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, मामा,
एक मॅडम हायत, मागच्या जन्मात नेऊन आणतात.
मी म्हटलं, परत आणतात न्हवं?

केतकी मॅडमच्या खोलीत निळा दिवा, एसी.
डोळे मिटा. दहापासून उलटं मोजू.
तुम्ही एक जिना उतरताय असं समजा.
उतरलो. खाली काहीच नव्हतं.
नुसती एसीची घरघर
आणि अडीच हजार आधीच देऊन बसलेला मी.

काय दिसतं?
बाई इतकी गोड बोलत होती,
तिला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसेना.
खोटं बोललो. नावाडी हाय मी. डोईला मुंडासं.
नदी कुठली?
पंचगंगाच की. दुसरी नदी मला येत नाही.

पाण्याचा रंग कसा आहे?
हे मी बनवलं नव्हतं. रंग आपसूक आला,
काहिलीत वर येणाऱ्या मळीचा,
आणि त्याच्या मागनं डिझेलचा वास.
त्या काळच्या नावेला डिझेल कुठलं?
मॅडमनी विचारलं नाही. पेन चालत राहिलं.

हातात काय आहे?
दावं.
दाव्याला कोण आहे?
शेवंती.
ही तुमची त्या जन्मातली पत्नी का?

मी हसायला गेलो
आणि घशातनं भलतंच काहीतरी निघालं,
जे गोठ्यात ऐकू येतं, माणसात नाही.

नावाडी गेला. मुंडासं गेलं.
चिखलीची आमची गल्ली, कमरेएवढं पाणी,
बोट दाराशी, सून आत, पोरं आत,
पोरगा ओरडतोय, आबा चला,
आणि मी खुंट्याशी वाकून
सुंभाची भिजून फुगलेली निरगाठ
डाव्या हाताच्या नखांनी.
दोन हात असते तर सुटली असती.
उजवा बोटीतल्या जवानानं धरला होता.

ती ओरडली नाही हो.
नुसती बघत होती,
धारेची वेळ झाली तरी हा कुठं निघाला म्हणून.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या,
तेव्हा राहिलं ते आता करा.
वेळ आहे. कुणी ओढत नाही तुम्हाला.

दातानं सोडवली. तोंडात काथ्या, शेण, नदी.
किती वेळ लागला देव जाणे.
गळ्यावरनं दावं ओघळलं
आणि ती पाण्यात वळली, नाकपुड्या वर धरून.
पोचली का कुठं?
दिसलं नाही. तेवढं खरं सांगितलं.

वहीत असणार: पूर्वजन्म, नावाडी, पत्नी बुडाली.
मी दुरुस्त केलं नाही.
पाच वर्षांमागचा तो माणूस
मागच्या जन्मातला नाही, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी केली.
तीन बोटं वळली, अंगठा आला,
करंगळी तेवढी बाहेर राहिली.
धार वाकडी पडली, पेल्याबाहेर सांडली.
सांडू दे की, गिऱ्हाईक म्हणालं, फेस येऊ दे.

रात्री गोठ्यात हात सवयीनं जुन्या गाठीकडं गेला.
थांबवला. सुरगाठ मारली,
एक टोक ओढलं की सुटणारी.
मध्यरात्री म्हैस सुटली,
दारात येऊन रवंथ करत बसली.

उठलो. बांधली.
परत सुरगाठच.